मे महिन्यातला टांझानिया स्वस्त का मिळतो

प्रश्न : मुलांना सुट्टी लागली की ५ ते १४ मे असा टांझानियाचा दौरा करायचं ठरतंय. एजंट 'ग्रीन सीझन' म्हणून जवळपास निम्म्या दरात देतोय. पावसाचं विचारलं तर म्हणाला, संध्याकाळी एखादी सर येते. सेरेंगेटी आणि गोरोंगोरोची जंगलं, आणि झांझिबार बेट करायचंय. पैसे भरू का?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : अजून भरले नसतील तर भरू नका. मी टांझानियातच, मोरोगोरो भागात साखर कारखान्यात अकरा वर्षं काढली. मार्चमध्ये आमचं गाळप बंद व्हायचं ते थेट जूनपर्यंत. ऊस उभा असायचा, पण तोडून आणणार कसा? फडात ट्रॅक्टर घातला की गेलाच चाकाच्या वर. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस, त्याला 'मसिका' म्हणतात. नोव्हेंबर-डिसेंबरचा लहान, त्याला 'वुली'. एजंटाने तुम्हाला सांगितलं ते वुलीचं वर्णन आहे.

पावसाने तुम्ही भिजाल, त्याचं काही नाही. आपण काय भिजत नाही का? गोष्ट मातीची आहे. एका एप्रिलमध्ये इचलकरंजीहून मेहुणा सहकुटुंब आला. हौसेनं मी त्यांना मिकुमीच्या अभयारण्यात नेलं. दार-एस-सलामहून इरिंगाकडे जाणारा डांबरी रस्ता त्या जंगलातूनच जातो, तोवर सगळं झकास. डांबर सोडून मकाटाच्या सपाटीवर उतरलो आणि पाचशे मीटरात गाडी बसली. मेहुणा खाली उतरला, चिखल बोटात धरून बघितला आणि म्हणाला, "भावजी, ही तर आपल्या रानातली माती!" खरंच होतं. तीच काळी, कापसाची. ती टायरच्या खाचांत भरते, मग चाक नुसतं गुळगुळीत पिंपासारखं फिरत राहतं. अकराला रुतलो, पाचला ट्रॅक्टर आला. मधल्या वेळेत चकल्या संपल्या, पाणी संपलं, आणि समोर हत्ती असल्यामुळे पोरांना खाली उतरवायचीही सोय नाही. (हत्ती मात्र पोटभर बघून झाले.)

सेरेंगेटीतही बऱ्याच ठिकाणी अशीच माती आहे. गोरोंगोरोचा काठ साधारण २,३०० मीटरवर, तिथे मेमध्ये सकाळी धुकं इतकं की खालचं ज्वालामुखीचं विवर, जिथे प्राणी असतात, दिसतच नाही. दक्षिणेकडच्या जंगलांतली बरीच मुक्कामाची ठिकाणं एप्रिल-मेमध्ये चक्क बंद असतात. दर निम्मे होतात ते यामुळे.

आता तुमच्या फायद्याचं सांगतो. तुम्ही विदर्भातले. तुमच्याकडे शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. मग ५ ते १४ जून का जात नाही? तोवर मसिका ओसरलेला असतो. जूनमध्ये तिथल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून जो वारा वाहतो त्याला 'कुसी' म्हणतात. तोच पुढे विषुववृत्त ओलांडून वळतो आणि नैऋत्य मोसमी होऊन आपल्याकडे येतो. तुम्ही परत याल तेव्हा अमरावतीत लोक ढगांकडे बघत बसलेले असतील.

जूनमध्ये दर थोडे चढतात, आणि गवत अजून उंच असल्यामुळे सिंह पटकन दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण विल्डबीस्टचे (तिथल्या मोठ्या रानटी हरणांचे) कळप तेव्हा पश्चिम सेरेंगेटीत, ग्रुमेती नदीच्या बाजूला सरकत असतात. फोटोत दिसते ती, मारा नदी ओलांडणाऱ्या कळपांची झुंबड हवी असेल तर मात्र जुलैनंतर, म्हणजे शाळा बुडवावी लागेल. झांझिबारची बोट दार-एस-सलामहून दोनेक तासांची, पण कुसीत समुद्र खवळलेला असतो. पोरांना गाडी लागत असेल तर विमानाचं तिकीट काढा.

एक राहिलं. ओले कपडे भरायला प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका. १ जून २०१९ पासून तिथे बंदी आहे, पाहुण्यांनाही. आपल्या कापडी पिशव्या घ्या.

प्रश्न : मुलाची दार-एस-सलामला बदली झाली आहे. आम्ही दोघं (वय ६८ आणि ६३) जानेवारीत महिनाभर त्याच्याकडे जाणार. स्वेटर किती न्यावेत?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : एकही नाही. दार विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे तिथला ऐन उकाडा, मुंबईचा मे समजा. दुपारी बाहेर पडलात तर दहा मिनिटांत अंगाला कपडे चिकटतात. सुती साड्या, सुती सदरे, डासांचं मलम एवढं घ्या, आणि मलेरियाच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा. जमत असेल तर जुलैत जा. हवा कोरडी, संध्याकाळ सुखाची. तेव्हा मुलगा अरुशाला नेणार असेल तर मात्र स्वेटर हवाच, ते गाव १,४०० मीटरवर आहे. आमच्यातले काही जण जुलैत तिथे कानटोपी घालून फिरत.

आणि कुठल्याही महिन्यात गेलात तरी जवळच्या फेऱ्यांना रिक्षा करा. तिथे तिला 'बजाजी'च म्हणतात, आपल्या आकुर्डीवाल्या बजाजवरून. फक्त मोठा पाऊस झाला असेल तर बसण्याआधी विचारा, जंगवानीचा रस्ता चालू आहे का. मसिंबाझी नदीला पाणी आलं की तो बंद करतात, आणि मग पलीकडे जायला अख्ख्या शहराला वळसा.