पणजोबांवर खुनाचा आळ होता म्हणतात. कोकणातल्या इतक्या जुन्या खटल्याचं खरं-खोटं कसं शोधावं?

तुम्ही लिहिलंय, घर मालवणकडचं, साल १९४०च्या आसपासचं, आणि विषय काढला की थोरली माणसं उठून जातात. आमच्याकडेही तेच. संशयित होते माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, गाव राजापूर तालुक्यातलं, साल १९३६. तेव्हा ऐकीव सांगत नाही, रेकॉर्ड रूमची धूळ खाऊन सांगतोय.

पहिल्यांदा फौजदारी कागदांच्या मागे लागू नका. जमिनीचे काढा. खटला म्हणजे वकील, आणि वकील म्हणजे गहाणखत. तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेखात जुने फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, मागा. कातळाकडचं वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन, सोडून आमची सगळी भातजमीन सहा महिन्यांत सावकाराकडे गेलेली दिसली, तेव्हा मला खटल्याचं साल कळलं. घरात ते कुणालाच धड आठवत नव्हतं. मग नमुना १४, ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात, त्यात त्या सालातल्या मयतांच्या नोंदी. मयताचं नाव आणि तारीख हाती आली की कोर्टात अर्ज करायला तोंड मिळतं.

कोर्ट रत्नागिरीचं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला वेगळा झाला. त्याआधी मालवण, देवगड, कणकवली सगळं रत्नागिरीतच. पण घर सावंतवाडीकडचं निघालं तर गणित बदलतं, कारण ते १९४८पर्यंत संस्थान होतं आणि त्याची कोर्टंही वेगळी. मला साक्षींचे कागद मिळाले नाहीत, नुसता निकाल मिळाला, इंग्रजीत टंकलेला. तोही तिसऱ्या खेपेला.

आता तपास. भांडण गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावरून होतं. शेजाऱ्याने गडगा चार हात सरकवला, असं आमच्या घरचं म्हणणं (त्यांच्या घरचं अर्थात उलटं). भर श्रावणात शेजारी वहाळात (ओढ्यात) मेलेला सापडला. पोलीस पाटलाने वर्दी दिली, फौजदार तरीतून खाडी ओलांडून दुसऱ्या दिवशी आले. तोवर पावसाने पायाचे ठसे काय आणि रक्त काय, सगळं धुऊन नेलेलं. पंचनामा झाला, झडतीत आमच्या माळ्यावर कोयता मिळाला. कोकणात कोयता नाही असं घर दाखवा! तो मुंबईला केमिकल अॅनालायझरकडे गेला, तिथून कलकत्त्याला इंपीरियल सेरॉलॉजिस्टकडे, कारण डाग माणसाच्या रक्ताचा की कोंबडीच्या, ही परीक्षा तेव्हा तिथे होत असे. उत्तर आलं: रक्त आहे, पण कशाचं ते ठरवता येत नाही.

राहिला कबुलीजबाब. आजी म्हणायची, "कबूल केलान, पण मारानं केलान." १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम २५प्रमाणे पोलिसापुढची कबुली पुराव्यात धरत नसत, कलम २७खाली, त्या कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चाले. कोयता तर आधीच्याच झडतीत सापडलेला, त्यामुळे तेही लागू पडेना. न्यायाधीशांनी संशयाचा फायदा देऊन सोडलं. घरात "निर्दोष सुटले" असं सांगतात. निकालात तसं नाही. पुरावा पुरा पडत नाही, इतकंच आहे, आणि ते वाचून मी रात्रभर जागा होतो. त्या काळी खुनाला फाशी हाच नेम. जन्मठेप दिली तर न्यायाधीशाला कारण लिहावं लागे. ती सक्ती १९५५च्या दुरुस्तीने गेली.

पण गावाचा निकाल कोर्टाच्या आधीच लागला होता. ग्रामदेवतेला कौल लावला आणि तो आमच्या विरुद्ध पडला. घर वाळीत. शिमग्यात पालखी आमच्या अंगणात तेरा वर्षं नाचली नाही. आजी दरवर्षी सडासारवण करून, रांगोळी घालून नारळ घेऊन उभी राहायची, आणि ढोल पुढच्या घरी गेला की तोच नारळ फोडून वाटणाला घ्यायची. आजोबा गिरणीत लागायला मुंबईला गेले, तर परळला गावकऱ्यांच्या खोलीत त्यांची वळकटी ठेवू दिली नाही. ते दुसऱ्या गावच्या गाळ्यात राहिले. आज २०१६चा सामाजिक बहिष्कार कायदा आहे. तेव्हा तक्रार करायची कुणाकडे? पाटलाकडे? तोच पालखीपुढे चालणारा.

थोरले आजोबा सुटल्यावर गावात पाऊल न टाकता परस्पर मुंबईला गेले. तुमच्याकडे कुणी असंच "नाहीसं" झालं असेल तर पुढच्या दहा-बारा वर्षांचे फेरफारही चाळा.

आणि जमलं तर मयताच्या घरच्यांशी बोला. मला ते करायला चार वर्षं लागली. गेल्या मे महिन्यात मयताच्या पुतण्याच्या मुलाला निकालाची प्रत दिली. तो म्हणाला, "आमच्यात तर सांगतात, फाशी दिलानी." मी त्याला १९४६ची नोंद दाखवली. थोरल्या आजोबांनी समक्ष जबाब देऊन आपला हिस्सा धाकट्या भावाला सोडलेला. त्याने ती दोनदा वाचलीन, मग विचारलंन, "हा सर्व्हे नंबर कुठला?"

गडग्यालगतचाच, मी सांगितलं.