पाठराखीण लग्नाच्या दिवशी सकाळी पोचत नसते

परभणीच्या लेकी, तुझं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ही पोरगी पुण्यात नोकरी करते, संभाजीनगरच्या होस्टेलवर जिच्यासोबत चार वर्षं एका खोलीत राहिली त्या मैत्रिणीचं फेब्रुवारीत न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये लग्न आहे. मैत्रिणीच्या आईला तब्येतीमुळं प्रवास झेपणार नाही, वडील त्यांना सोडून निघत नाहीत, म्हणजे माहेरचं माणूस म्हणून ही एकटीच. हिला १६ दिवसांची सुट्टी मिळाली आणि हिनं अख्ख्या पृथ्वीची फेरीच आखली, मुंबई, लंडन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, तिथून ऑकलंड, मग सिडनी, सिंगापूर आणि परत मुंबई. आई म्हणाली, "लग्नाला चाललीस का लग्नाच्या नावावर फिरायला?" तेव्हापासून बोलणं बंद. आता विचारतीये, आईला समजावू कसं.

बाळा, आईचं बोलणं लागलं असणार तुला, कळतंय. पण तू दिलेला प्लॅन मी वहीवर मांडून बघितला. न्यूयॉर्कला तीन दिवस, लंडनला तीन, आणि ऑकलंडला शनिवारी सकाळी उतरून रविवारी रात्री सिडनीचं विमान. लग्न शनिवारी दुपारी. म्हणजे जिच्यासाठी सगळा घाट घातला तिच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस, तोही झोप न झालेला.

आणि वाराचा घोळ तुझ्या लक्षात आलाय का माहीत नाही. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्री परभणीला बसलं की सकाळी मुंबई, मधे एक रात्र गेली, हिशोब सोपा. सॅन फ्रान्सिस्कोहून गुरुवारी रात्री निघालीस तर विमान साधारण १३ तासांचं, पण पॅसिफिकमध्ये वाररेषा, म्हणजे जिथं तारीख बदलते ती रेषा, ओलांडली की उतरतेस ते थेट शनिवारी सकाळी, शुक्रवार तुला मिळतच नाही. मॅगेलनची जहाजं १५१९ ला निघाली आणि १५२२ ला त्यातलं एकच १८ माणसं घेऊन पृथ्वीची फेरी करून परत आलं ना, त्यांनी रोजच्या रोज नोंद ठेवूनसुद्धा एक दिवस कमी भरला होता, यांच्या हिशोबानं बुधवार आणि किनाऱ्यावरच्या लोकांचा गुरुवार. पश्चिमेच्या दिशेनं फेरी मारली की असंच होतं. तुझं गुरुवारचं ते एक विमान चुकलं किंवा रद्द झालं तर हाताशी मोकळा दिवसच नाही, लग्न गेलं. तिथल्या कायद्यानं लग्नाला दोन साक्षीदार लागतात आणि त्यातली एक सही माझी आहे असं तूच लिहिलंयस!

मी स्वतः हे भोगलंय म्हणून सांगते. माझ्या मैत्रिणीचं बीडला लग्न होतं, मी त्याच दिवशी पहाटे संभाजीनगरहून निघाले, गेवराईच्या अलीकडं गाडी बंद पडली आणि पोचले तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. मंडपात गेले तर तिच्या मुंडावळ्या सरकून एका कानावर आलेल्या, एवढ्या गर्दीत कुणाचं लक्ष नाही, मी आधी त्या सारख्या केल्या. तिनं माझं मनगट धरलं ते सोडेचना, तिच्या चुड्यातल्या बांगड्या माझ्या हातात रुतल्या. ती काही बोलली नाही, पण सकाळपासून ती माझी वाट बघत होती हे मला त्या हातावरनं कळलं आणि आजही ते आठवलं की जीव कसनुसा होतो.

तू तिची पाठराखीण आहेस गं. हळदीला तिच्या अंगाला पहिलं बोट कोण लावणार, चुडा कोण भरणार, आदल्या रात्री ती रडली तर शेजारी कोण झोपणार?

म्हणून माझं ऐक, फेरी उलटी कर. मुंबईहून सिंगापूरमार्गे मंगळवारीच ऑकलंडला पोच. घड्याळ तिथं फेब्रुवारीत आपल्यापेक्षा साडेसात तास पुढं असतं, शरीर जुळायला तीन-चार दिवस लागतातच, ते लग्नाआधी मिळतील. लग्नानंतर सोमवारी संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोचं विमान धरलंस तर सोमवारीच सकाळी उतरशील, गेलेला दिवस इकडून परत मिळतो. मग न्यूयॉर्क आणि घर. लंडन आणि सिडनी काढून टाक, त्यानं व्हिसेही दोन कमी होतात. अमेरिकेचा मात्र आत्ताच बघ, इंटरव्ह्यूची तारीख लवकर मिळत नाही, पासपोर्टही त्यांच्याकडं जमा होतो, आणि आपल्या पासपोर्टवर तिथं नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो.

तुळजापूरच्या अक्षता आणि हळद नेणार म्हणतीयेस, ने, पण न्यूझीलंडमध्ये शिरताना जो फॉर्म भरावा लागतो त्यात लिहून दे. खायची वस्तू, बियाणं, धान्य लपवलेलं सापडलं तर न्यूझीलंडवाले जागेवर ४०० डॉलर दंड करतात. लिहून दिल्यावर काढून घेतल्या तर घेऊ दे, दंड होत नाही. पेढे नेऊच नको.

आता आईचं. आपल्याकडं पोरीनं "मला जग बघायचंय" असं सरळ म्हणायची सोय नसते, लग्न, देवदर्शन, परीक्षा असं काहीतरी पुढं करावं लागतं, आणि तू तेच केलंस. आईनं नेमकं ते पकडलं. तुला फिरायची हौस आहे यात काही वाईट नाही, स्वतःच्या कमाईवर जातीयेस. तर ते तसंच सांग तिला, की लग्नाला चार दिवस आधी जातीये आणि नंतरचा आठवडा माझ्या हौसेचा आहे. ती दोन दिवस फुगून बसेल, बसू दे. मग तिलाच घेऊन संभाजीनगरच्या गुलमंडी बाजारात जा, हिरव्या बांगड्या तिच्या पसंतीनं घे, काच कागदात कशी गुंडाळायची ते आयांना आपल्यापेक्षा चांगलं जमतं. त्याआधी आज रात्री मैत्रिणीला फोन करून बांगडीचं माप तेवढं विचारून ठेव.

तुझी मावशी