ऑफिस असिस्टंटच्या कामात पुढे जायचं तर आधी काय शिकावं?

टायपिंग, फायलिंग येत असेल तर आता मीटिंगचं इतिवृत्त लिहायला शिका. कोण काय बोललं याने पानं भरू नका. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढंच लिहा. ‘लवकरच पाठवतो’ असं कुणी म्हणालं की तिथल्या तिथे तारीख विचारून घ्या. हे इतिवृत्त मेलने सगळ्यांना त्याच दिवशी गेलं पाहिजे, कारण दोन दिवसांनी लोक आपला शब्द विसरतात (काही जण सोयीने).

मग एक्सेलमधलं पिव्होट टेबल (लांबलचक यादीचा झटपट गोषवारा काढून देतं) आणि वर्डमधलं मेल मर्ज (एकाच पत्रात यादीतली नावं आपोआप भरतं) शिका. शंभर पत्रांवर हाताने नावं बदलत बसणं म्हणजे निव्वळ हमाली.

केलेल्या कामांची नोंदही महिन्याच्या महिन्याला ठेवा. पगारवाढीची बोलणी निघतात तेव्हा साहेबांना फक्त शेवटचा महिना आठवतो.