बर्फाचं वय वेगळं, हवेचं वेगळं

अगं, नागपूरच्या ४५ डिग्रीत बसून अंटार्क्टिकाच्या बर्फाचे आकडे मांडतेयस, याचं मला फार कौतुक वाटतं. पण एक गोष्ट आधी पक्की कर: बर्फाच्या थराचं वय म्हणजे त्यात अडकलेल्या हवेचं वय नव्हे. पडलेला हिम दबत जातो आणि साधारण ५० ते १०० मीटर खोलीवर हवेचे बुडबुडे बंद होतात. तोवर वरची हवा आत खेळतच असते, म्हणून हवा बर्फापेक्षा तरुण. अंटार्क्टिकातल्याच भरपूर हिम पडणाऱ्या लॉ डोमला हा फरक काही दशकांचा, फार कमी हिम पडणाऱ्या व्होस्टोकला हजारो वर्षांचा. तापमान कळतं बर्फावरून आणि कार्बन डायऑक्साइड आतल्या हवेवरून, म्हणून आधी तापमान वाढलं की कार्बन डायऑक्साइड, हा प्रश्न इथेच अडकतो. ग्रीनलँडच्या बर्फातले मिथेनचे आकडे खुशाल वापर, कार्बन डायऑक्साइडचे मात्र नको. तिथल्या बर्फातल्या अशुद्धींमुळे कार्बन डायऑक्साइड नंतरही तयार होतो. त्यासाठी अंटार्क्टिकातल्या डोम सीचा बर्फ घे, ८ लाख वर्षांची नोंद आहे.