मोठ्या कॅनव्हासची घाई कशासाठी?

सोलापूरच्या एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीला ८४ टक्के गुण आहेत आणि गेले वर्षभर ती दोन बाय तीन इंचांच्या कागदांवर निसर्गचित्रे रंगवत आहे. तिला मोठी चित्रे काढायला कसे लावावे, आणि लहानच काढायची असतील तर तांदळाच्या दाण्यावर चित्र काढून विक्रम करता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीच्या गुणांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती आपल्या एका वाक्याची. पाहुण्यांना दाखवण्याजोगे त्यांत काही नाही म्हणून तिची चित्रे आपण माळ्यावर टाकलीत. आणलेला मोठा कॅनव्हास महिनाभर कोरा आहे आणि तिने रंगांना हात लावलेला नाही, असेही आपणच लिहिता, पण या दोन गोष्टी आपण जोडून पाहिलेल्या नाहीत. हिप्परगा तलावाच्या काठी बसून तिने जे रंगवले, ते तिच्या दृष्टीने पूर्ण झालेले काम होते आणि ते तिला न विचारता हलवले गेले. ती चित्रे आजच खाली काढून तिच्या हाती द्यावीत, आणि देताना कोणतीही सूचना करू नये.

लहान चित्र म्हणजे बारीक कलाकुसर, नाहीतर मोठ्या कागदाची भीती, असे आपण गृहीत धरले आहे. दाण्यावरच्या चित्रात हाताच्या स्थिरतेची कसोटी लागते. लहान निसर्गचित्रात काय गाळावे याची. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ एवढ्याशा कागदावर उतरवताना गवताचे पाते न् पाते काढता येत नाही. क्षितिज कुठे घ्यायचे, आभाळ जमिनीपेक्षा किती उजळ ठेवायचे, दूरची बाभळ कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्यात कशी बसवायची, एवढेच निर्णय हाती उरतात आणि ते चुकले तर झाकायला जागा नसते. शिवाय मावळतीचा उजेड काही मिनिटांत पालटतो. तो पालटण्याआधी लहान चित्र पुरे होऊ शकते. फ्रेंच चित्रकार झॉर्झ सरा यांनी १८८४ ते १८८६ या काळात ग्रांद जात बेटाचे सुमारे दोन बाय तीन मीटरचे चित्र साकारले, तेव्हा त्याच्या तयारीसाठी प्रत्यक्ष जागेवर बसून हातात मावणाऱ्या लाकडी फळ्यांवर अनेक अभ्यासचित्रे केली होती. आपल्याकडे नंदलाल बोस यांनी साध्या पोस्टकार्डांवर कितीतरी चित्रे काढली. आकारावरून चित्रकाराची कुवत ठरवणे मला साफ अमान्य आहे, आणि विक्रमाचा विचार आपण सोडूनच द्यावा.

बी.एफ.ए. या चित्रकलेच्या पदवीला कोणत्याही शाखेची बारावी चालते आणि त्यासाठी प्रवेश परीक्षा असते, त्यामुळे आज शाखा बदलण्याचे कारण नाही; त्या परीक्षेसाठी वस्तुचित्र आणि आठवणीतून काढायचे स्मरणचित्र यांचा मोठ्या कागदावरचा सराव मात्र तिला बारावीच्या वर्षात करावाच लागेल. तिला कलाशिक्षण घ्यायचे आहे की नाही, हे आपल्या पत्रात कुठेच नाही, म्हणून तेही तिलाच विचारावे. तिने पुन्हा रंग हाती घेतले, तर चित्राच्या मागे ठिकाण, तारीख आणि वेळ लिहून ठेवायला सांगावे. पुढे एखाद्या महाविद्यालयाने पोर्टफोलिओ मागितला, तर एकाच तलावाची वेगवेगळ्या वेळांची अशी वीस-पंचवीस चित्रे क्रमाने मांडलेली पाहून परीक्षकांना तिची नजर कशी घडत गेली ते कळेल.