वाचकांचे प्रश्न : बँकेला कळायच्या आधी आपण सांगायचं

या वेळी पत्रं जास्त करून नाशिककडच्या अंबड, सातपूर, सिन्नरकडून आलीत आणि फिरून मुद्दा एकच निघतो, की बँकेला किंवा पैसे लावणाऱ्याला किती सांगायचं आणि कधी सांगायचं. एका पत्राला मी बरीच जागा देतेय कारण हेच दुखणं इथल्या कितीतरी युनिटमध्ये बघितलंय, बाकीच्यांना उत्तरं थोडक्यात आहेत, राग मानू नका.

प्रश्न : नमस्कार मॅडम, अंबडला आमचं प्रेस पार्टचं युनिट आहे, प्रायव्हेट लिमिटेड, मी आणि धाकटा भाऊ डायरेक्टर. बँकेची 6 कोटींची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे माल आणि येणी तारण ठेवून लागेल तशी उचल करायचं खातं) आहे. एका गिऱ्हाइकाकडे 80 लाख अडकलेत, चार महिने होऊन गेले, आज देतो उद्या देतो चाललंय. सीसी कायम पूर्ण उचललेलीच असते म्हणून अकाउंटंटने बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये स्टॉक वाढवून टाकला आणि ते 80 लाखही 90 दिवसांच्या आतलेच दाखवत राहिला. मला माहीत होतं, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. आता ऑडिटर म्हणतात बँकेला दिलेले आकडे आणि पुस्तकातले आकडे जुळत नाहीत, ताळेबंदाच्या नोटमध्ये (खालच्या टिपांमध्ये) लिहावं लागेल. बँकेने ते वाचलं तर सीसी बंद करतील का? ऑडिटर बदलून टाकू का? रात्री झोप लागत नाही. – अंबडमधले एक वाचक

उत्तर : भाऊ, पहिलं म्हणजे ऑडिटर बदलायचा विचार डोक्यातून काढा. नवा येणारा सीए जुन्याला पत्र लिहून विचारतोच की काही अडचण होती का, आणि आकडे तर तेच राहणार. तुमचे ऑडिटर तुमच्यावर रागावून नोट टाकत नाहीयेत, त्यांना ती टाकावीच लागते. कंपनी कायद्याचं शेड्यूल तीन आहे ना, त्यात 24 मार्च 2021 ला दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2021 पासून असं आहे की स्टॉक आणि डेटर्सच्या (गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या पैशांच्या) तारणावर बँकेचं कर्ज असलेल्या कंपनीने ताळेबंदाच्या नोटमध्ये सांगायचं, बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंट पुस्तकांशी जुळतात का, नसतील तर फरक किती आणि कशामुळे. वर्किंग कॅपिटल लिमिट 5 कोटींच्या वर असेल तर ऑडिटरला सीएआरओ रिपोर्टमध्येही (ऑडिट रिपोर्टला जोडायची सरकारने ठरवलेली मुद्द्यांची यादी) यावर वेगळं लिहावं लागतं. तुमची कंपनी कायद्याच्या व्याख्येप्रमाणे स्मॉल कंपनीत बसत असेल तर सीएआरओ लागणार नाही, ते ऑडिटरना विचारून घ्या, पण शेड्यूल तीनच्या नोटमधून तशी सुटका नाही.

आता तुम्ही पाठवलेल्या कागदावरचे आकडे घेऊ, कारण भीती नेमकी कितीची आहे हे कळलं की निम्मं ओझं उतरतं. पुस्तकात स्टॉक 5 कोटी 20 लाख, त्यातला 1 कोटी 60 लाखांचा माल उधारीवर घेतलेला म्हणजे ज्याचे पैसे अजून दिले नाहीत तो वजा, राहिले 3 कोटी 60 लाख, त्यावर 25 टक्के मार्जिन (तुमचा स्वतःचा वाटा) गेलं की 2 कोटी 70 लाख. डेटर्स 4 कोटी 80 लाख, त्यातले 90 दिवसांवरचे 80 लाख बँक धरतच नाही, राहिले 4 कोटी, 25 टक्के गेले की 3 कोटी. म्हणजे तुमची खरी डीपी (ड्रॉइंग पॉवर, जास्तीत जास्त जेवढी उचल करता येते ती रक्कम) 5 कोटी 70 लाख आणि सीसीमध्ये उचल 5 कोटी 95 लाख. सगळा खेळ 25 लाखांचा आहे. या 25 लाखांसाठी तुम्ही स्टॉक 70 लाखांनी फुगवलात आणि अडकलेलं बिल ताजं दाखवलंत, आणि दर महिन्याला आधीच्या महिन्याचा खोटा आकडा धरून पुढचा बसवावा लागला कारण मध्येच खरा लिहिला तर ब्रँचमधून फोन येणार की एकदम एवढा स्टॉक कुठे गेला. सत्यम कॉम्प्युटर्सचं प्रकरण आठवा, 7 जानेवारी 2009 ला कंपनीचे चेअरमन रामलिंग राजूंनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेले रोख आणि बँकेतले पाच हजार चाळीस कोटी रुपये नव्हतेच, आणि त्याच पत्रात होतं की सुरुवातीला फरक छोटासाच होता, वर्षं गेली तसा तो वाढत गेला. तुमचं तेवढं मोठं नाही पण वाट तीच आहे आणि आत्ता परत फिरता येतंय.

हे हलक्यात घेण्यासारखं नाही हेही सांगते. जाणूनबुजून खोटे आकडे देऊन बँकेचे पैसे वापरणं हे कंपनी कायद्याच्या कलम 447 मध्ये फ्रॉड म्हणून जाऊ शकतं, मोठ्या रकमेला सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत कैद आहे, आणि स्टेटमेंटवर सही तुमची आहे, अकाउंटंटची नाही.

मग करायचं काय. ऑडिट रिपोर्ट बँकेत पोचायच्या आधी तुम्ही स्वतः ब्रँच मॅनेजरला भेटा, भावाला सोबत न्या, ऑडिटर येत असतील तर फारच चांगलं, पण त्याआधी एखाद्या वकिलाशी एकदा बोलून घ्या की पत्रात काय शब्द असावेत. त्या पत्रात दुरुस्त केलेली स्टेटमेंट, जुने आणि खरे आकडे शेजारी शेजारी, फरकाचं कारण, आणि 25 लाख कसे भरणार ते तारखेसकट. तुम्ही दोघं घरातून अनसिक्युअर्ड लोन आणू शकता, किंवा महिनाभर खरेदी आवरून उचल खाली आणता येते. खरी डीपी लागल्यावर खातं अनियमित दिसेल, ते दिसू द्या. उचल डीपीच्या वर सलग 30 दिवसांपेक्षा जास्त राहिली तर खातं एसएमए-1 होतं (एसएमए म्हणजे बँकेने लक्ष ठेवायचं अडचणीतलं खातं), 60 च्या पुढे एसएमए-2, आणि 90 दिवस ओलांडले की एनपीए, म्हणजे बुडीत खात्यात जमा. म्हणजे हातात वेळ आहे पण तो पत्र लिहायचं पुढे ढकलण्यासाठी नाही, पैसे आणण्यासाठी आहे. बँक सीसी बंद करेल का, याची हमी मी देऊ शकत नाही, व्याज वाढवतील, स्टॉक ऑडिट लावतील, प्रश्न विचारतील. पण स्वतः येऊन सांगणारा आणि पकडला गेलेला, या दोघांच्या फाइली बँकेत एकसारख्या हाताळल्या जात नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

80 लाखांचं बोलू. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन सूक्ष्म किंवा लघुमध्ये असेल तर करार काहीही असो, 45 दिवसांच्या वर पैसे थांबवायचा त्या गिऱ्हाइकाला हक्क नाही, उशिराला बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (छोट्या उद्योगांची थकलेली बिलं सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) जाता येतं. शिवाय आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (1961 च्या कायद्यात ती 43बी(एच) होती) वेळेत न दिलेली आणि वर्षअखेरीलाही थकलेली रक्कम त्यांना त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, हे त्यांच्या अकाउंट्सवाल्याला पक्कं माहीत असतं. मला कळतं की गिऱ्हाईक तोडायचं नसतं, पुढची ऑर्डर त्याच्याकडूनच येणार असते, म्हणून केस करायच्या आधी नुसतं एक पत्र पाठवा, बऱ्याचदा तेवढ्याने पैसे हलतात.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण कागद बघून वाटलं. जॉबवर्कसाठी गिऱ्हाइकाने पाठवलेली शीट तुमच्या शेडमध्ये पडलेली असते, ती तुमच्या स्टॉकमध्ये धरलीय का ते तपासा, मोजणारा पोरगा शेडमधलं सगळंच मोजतो आणि तो माल तुमचा नसतो. याच्या उलट तुमचा स्वतःचा माल प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला बाहेर गेलेला असतो आणि तो मोजायचाच राहतो, तो चलान लावून दाखवता येतो, बाहेरच्याकडे पडलेला माल बँक धरते का ते मात्र सँक्शन लेटरमध्ये (बँकेच्या कर्ज मंजुरीच्या पत्रात) बघा. सातपूरच्या एका युनिटमध्ये आम्ही असा बाहेरचा माल शोधला तर जवळपास सगळी तूट त्यातच भरून निघाली, त्या माणसाने उगाचच वर्षभर आकडे फुगवले होते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मोजणी, 31 तारखेचं बिल झालं पण गाडी 2 तारखेला गेली तर तो माल स्टॉकमध्ये की डेटर्समध्ये, दोन्हीकडे तर नाही ना, एवढं तुम्ही, भाऊ आणि अकाउंटंट तिघांनी बसून ठरवलं तरी निम्मे फरक राहत नाहीत.

प्रश्न : ताई, मी रिटायर्ड शिक्षक, गंगापूर रोडला राहतो. मित्राच्या मुलाचं दिंडोरीला द्राक्ष-टोमॅटो प्रोसेसिंगचं युनिट आहे, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. पाच महिन्यांपूर्वी आरटीजीएसने 15 लाख दिले, शेअर नंतर देतो म्हणाला. अजून काही कागद नाही. मागायला संकोच वाटतो. काय मागू?

उत्तर : सर, संकोच बाजूला ठेवा, हे पैसे तुमच्या आयुष्यभराच्या नोकरीचे आहेत. कंपनी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे शेअरसाठी पैसे घेतले की 60 दिवसांत शेअर द्यायचे, नाही दिले तर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत, आणि तेही नाही केलं तर साठावा दिवस संपल्यापासून वर्षाला 12 टक्के व्याजासकट. तोपर्यंत पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे, वापरायचे नाहीत. पाच महिने म्हणजे मुदत कधीच गेलीय. ऑफर लेटर कुठंय आणि शेअर दिले असतील तर पीएएस-3 फॉर्म (शेअर दिल्याचं सरकारला कळवायचा) कधी भरला, हे दोनच प्रश्न लेखी विचारा, व्हॉट्सॅपवर विचारले तरी चालतील पण उत्तर जपून ठेवा.

पुढे रहायचंच ठरलं तर कंपनीचे ताळेबंद एमसीएच्या (केंद्र सरकारच्या कंपनी खात्याच्या) पोर्टलवर थोडी फी भरून बघता येतात, मित्राच्या मुलाला विचारायचीही गरज नाही. तिथेच चार्जेसची (कर्जासाठी तारण दिलेल्या मालमत्तेची) यादी बघा, बँकेचा चार्ज स्टॉकवर आणि मशिनरीवर असेल तर कंपनी बसली की आधी बँक आणि तुम्ही अगदी शेवटी. नोटमध्ये जवळच्या माणसांशी झालेले व्यवहार वाचा, मुलाच्या दुसऱ्या फर्मला ॲडव्हान्स गेलाय का, आणि कंपनीने दुसऱ्या कोणासाठी गॅरंटी दिलीय का, ही रक्कम ताळेबंदाच्या आकड्यात नसते, खाली नोटमध्ये असते आणि तिथेच बुडवते. आपल्याकडच्या प्रोसेसिंगवाल्यांचं आणखी एक, द्राक्षाचा सीझन साधारण जानेवारी ते एप्रिल, त्यामुळे 31 मार्चचा ताळेबंद म्हणजे गोडाऊन भरलेलं आणि शेतकऱ्यांचे पैसेही द्यायचे राहिलेले, त्यावरून वर्षभराची तब्येत कळत नाही. सप्टेंबरचे आकडे मागा, त्यात शेतकऱ्यांचे पैसे फिटलेत का आणि माल विकला गेलाय का ते दिसेल.

प्रश्न : आमची कंपनी नुकतीच एसएमई प्लॅटफॉर्मवर (शेअर बाजाराच्या छोट्या कंपन्यांसाठीच्या विभागात) लिस्ट झाली, मी अकाउंट्सला आहे. मालक मोठी ऑर्डर मिळाली की आधी मित्रांच्या ग्रुपवर टाकतात, एक्स्चेंजला दुसऱ्या दिवशी. मी नोकर माणूस, कसं सांगू? – सिन्नर

उत्तर : कंपनी सेक्रेटरीमार्फत सांगा, आणि लवकर सांगा. शेअरच्या भावावर परिणाम करेल अशी बातमी एक्स्चेंजवर यायच्या आधी ग्रुपवर जाणं म्हणजे इनसायडर ट्रेडिंगच्या 2015 च्या नियमांत थेट अडकणं आहे, आणि त्या ग्रुपमधल्या एकाने शेअर घेतला तर तोही अडकतो. सेबीच्या एलओडीआर (लिस्टेड कंपन्यांनी काय आणि कधी जाहीर करायचं ते सांगणाऱ्या) नियम 30 मध्ये वेळ ठरलेली आहे, बोर्डात ठरलं तर मीटिंग संपल्यापासून 30 मिनिटं (बाजार बंद झाल्यावर संपली तर थोडी सूट आहे), कंपनीच्या आतून घडलं तर 12 तास, बाहेरून आलं तर 24 तास. मालकांना वाईट वाटेल, वर्षानुवर्षं त्यांनी कंपनी घरासारखी चालवली आणि आनंद सांगावासा वाटणं साहजिक आहे, पण आता तिच्यात अनोळखी लोकांचे पैसे आहेत. आणि जेवढ्या घाईने ऑर्डर सांगायची तेवढ्याच घाईने ऑर्डर रद्द झालेलीही सांगायची, हे त्यांच्याकडून आत्ताच कबूल करून घ्या. तुम्ही स्वतः ज्या कालावधीचा आर्थिक निकाल यायचा असतो तो कालावधी संपल्यापासून तो निकाल जाहीर होऊन 48 तास होईपर्यंत शेअरला हात लावू नका.

प्रश्न : लासलगावला कांद्याचा व्यापार, प्रोप्रायटर आहे. एकजण म्हणतो बँकेसाठी मोठा ताळेबंद वेगळा बनवून देतो, आयकराचा वेगळा राहू दे. करू का?

उत्तर : नाही. बँक आज तुमचं रिटर्न, जीएसटीचे फॉर्म, 26एएस (आयकर खात्याकडची तुमच्या टीडीएसची नोंद) आणि खात्याचे उतारे एका टेबलावर ठेवून बघते. ऑडिट झालेल्या ताळेबंदावर 1 जुलै 2019 पासून यूडीआयएन नंबर (सीएच्या प्रत्येक सहीला मिळणारा वेगळा नंबर) लागतो आणि तो खरा आहे का हे बँक ऑनलाइन तपासते. खरी उलाढाल दाखवून लिमिट कमी बसत असेल तर 5 कोटींपर्यंतच्या वर्किंग कॅपिटलला अंदाजे उलाढालीच्या 20 टक्के हे साधं गणित आहे, पुढच्या वर्षाचा अंदाज बाजार समितीच्या पट्ट्या लावून मांडा आणि त्यावर बोला. त्या माणसाला दिलेले तुमचे कागद आधी परत घ्या, विशेषतः सह्या केलेले कोरे लेटरहेड.