फोनवर लिनक्स: आधी कोडनेम सांगा

फोनवर लिनक्स घालण्याविषयीच्या प्रश्नांत एक माहिती हटकून गाळलेली असते: फोनचा कोडनेम, म्हणजे त्या मॉडेलचे कंपनीच्या आतले नाव. ‘अमुक कंपनीचा फोन आहे, चालेल का?’ एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. पुढची उत्तरे वाचतानाही, जी लिनक्स प्रणाली घालायची तिच्या संकेतस्थळावरचे तुमच्या उपकरणाचे पान शेजारी उघडे ठेवा.

प्र. अँड्रॉइड म्हणजे लिनक्सच ना? मग वेगळे कशाला घालायचे?

कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिनक्सचा आहे. त्यावरच्या लायब्रऱ्या, ॲप चालवण्याची व्यवस्था आणि परवानग्या सगळ्या अँड्रॉइडच्या स्वतःच्या. डेबियनसारख्या लिनक्स प्रणालीचे पॅकेज तिथे सरळ बसत नाही. फक्त टर्मिनल हवे असेल तर टर्मक्स हे ॲप टाका, त्यात प्रूट-डिस्ट्रो या साधनाने डेबियन बसवा आणि थांबा. बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) उघडावा लागत नाही, रूटही (प्रणालीवरचा पूर्ण ताबा) लागत नाही.

प्र. उबंटू टच घ्यावे की पोस्टमार्केटओएस? कोणत्याही जुन्या फोनवर चालेल ना?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी: नाही. संगणकासारखी एकच फाइल सगळीकडे चालेल हा समज सोडा. फोनमध्ये कोणता भाग कुठे जोडला आहे हे कर्नलला डिव्हाइस ट्रीतून आधीच सांगावे लागते, आणि ते प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे लिहिलेले असते. पोको एफ१ (कोडनेम बेरिलियम) या एकाच मॉडेलमध्ये तियानमा आणि ईबीबीजी असे दोन वेगवेगळे डिस्प्ले येतात, आणि पोस्टमार्केटओएसमध्ये दोन्हींसाठी वेगळा पर्याय निवडावा लागतो. चुकीचा निवडलात तर फोन सुरू होतो, पण पडदा काळा.

आता निवड. उबंटू टच कॅनॉनिकलने २०१७ मध्ये सोडले, तेव्हापासून यूबीपोर्ट्स ते सांभाळते. त्याचे बहुतेक पोर्ट (एकेका फोनसाठी जुळवलेल्या आवृत्त्या) हॅलियम या थरावर उभे आहेत. म्हणजे कंपनीचा अँड्रॉइड कर्नल आणि ड्रायव्हर खाली तसेच राहतात, त्यामुळे कॅमेरा आणि कॉल चालण्याची शक्यता जास्त. बदल्यात कर्नल जुना. शिवाय खाली ठरावीक आवृत्तीचे फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारे कंपनीचे सॉफ्टवेअर) असावे लागते: हॅलियम ९ च्या पोर्टला अँड्रॉइड ९ चे. त्याहून नवे फर्मवेअर ठेवून इन्स्टॉल केले की वायफाय किंवा आवाज गायब झाल्याच्या तक्रारी सुरू होतात.

अल्पाइन लिनक्सवर आधारलेली पोस्टमार्केटओएस जमेल तिथे मेनलाइन, म्हणजे मूळ लिनक्स प्रकल्पाचा, कर्नल वापरते. कर्नल ताजा, पण कॅमेरा बऱ्याचदा अर्धवट किंवा बंद. तिच्या यादीत ‘टेस्टिंग’ असा शेरा असलेल्या उपकरणावर कधीकधी फक्त बूट होते, बाकी काही नाही. ‘यादीत नाव आहे’ एवढ्यावर फोन विकत घेऊ नका. पानावरचा तक्ता ओळीने वाचा, आणि पोर्ट सांभाळणाऱ्याला विचारा की आज काय चालते.

प्र. विक्रेत्याने ‘अनलॉक्ड’ म्हणून फोन विकला. पण ओईएम अनलॉकिंगचे (बूटलोडर उघडू देणारे) बटण फिकट दिसते, दाबताच येत नाही.

तो सिमच्या कुलपाबद्दल बोलत होता. बूटलोडरचे कुलूप वेगळे, आणि तुमची गल्लत होणार हे विक्रेत्यांना पक्के माहीत असते. फोन इंटरनेटला जोडून पुन्हा पाहा. काही फोनवर तेवढ्याने बटण जिवंत होते. तरीही फिकटच राहिले तर बहुधा तो नेटवर्क कंपनीसाठी बनवलेला प्रकार आहे आणि उघडणार नाही. ह्वावेने अनलॉक कोड देणे २०१८ मध्येच बंद केले. शाओमीच्या फोनला खाते जोडून कंपनीने ठरवलेली मुदत थांबावे लागते. पैसे घेऊन ‘कोड काढून देणाऱ्यां’कडे फिरकू नका. जुना फोन घेताना सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि ते बटण विक्रेत्यासमोरच चालू करून पाहा. बटण चालू झाले म्हणजे बूटलोडर उघडला असे नव्हे. ते काम पुढे बहुतेक फोनवर फास्टबूटमधून, म्हणजे संगणकावरून आज्ञा घेणाऱ्या अवस्थेतून, करायचे असते.

प्र. इन्स्टॉल करताना डेटा जातो का?

हो, सगळा, आणि तोही इन्स्टॉलच्या आधी, बूटलोडर अनलॉक करतानाच.

प्र. फास्टबूटमध्ये फोन संगणकाला दिसत नाही.

केबल बदला, फक्त चार्जिंगच्या केबलने डेटा जात नाही. मग यूएसबी ३ चे पोर्ट सोडून यूएसबी २ चे घ्या, किंवा मध्ये साधा यूएसबी २ हब लावा. लिनक्सवर यूडेव्हचे (उपकरण वापरू देणारे) नियम आणि विंडोजवर ड्रायव्हर तपासा. हे सगळे झाल्यावरच फोनला दोष द्या.

प्र. फ्लॅश केल्यावर (नवी प्रणाली लिहिल्यावर) नेटवर्क गेले. दुकानदार म्हणतो, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) उडाला, पैसे द्या, नवा लिहून देतो. द्यावे का?

देऊ नका. आणि हे उत्तर ज्यांचा फोन अजून धड आहे त्यांनीच जास्त लक्षपूर्वक वाचावे.

फोनच्या साठवणीत काही छोटी विभाजने (पार्टिशन) असतात. त्यांत आयएमईआय, रेडिओचे कॅलिब्रेशन, सेन्सरची मोजमापे असा मजकूर असतो. क्वालकॉमच्या फोनवर त्यांची नावे मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी आणि पर्सिस्ट, मीडियाटेकवर एनव्हीरॅम आणि एनव्हीडेटा, सॅमसंगवर ईएफएस. हा मजकूर कारखान्यात त्या एका फोनपुरता लिहिलेला असतो. कंपनीच्या फर्मवेअर फाइलमध्ये तो नसतो, म्हणून मूळ रॉम (कंपनीची प्रणाली) पुन्हा टाकली तरी परत येत नाही. दुसऱ्या फोनमधून उचलून आणलेली प्रत चालत नाही, आणि परका आयएमईआय लिहिणे अनेक देशांत गुन्हा आहे. दुकानदार हे सांगत नाही.

नीट पाळलेल्या सूचनांनी ही विभाजने सहसा पुसली जात नाहीत. पुसली जातात ती घाईने. मीडियाटेकच्या एसपी फ्लॅश टूलमध्ये ‘फॉरमॅट ऑल’ असलेला पर्याय निवडला की एनव्हीरॅम गेलाच. तिथे फक्त ‘डाउनलोड ओन्ली’ वापरा. व्हिडिओत कुणी ‘अडकले तर सगळे फॉरमॅट मारा’ म्हणत असेल तर व्हिडिओ तिथेच बंद करा.

प्रत घ्यायची वेळ एकच: बूटलोडर उघडल्यानंतर आणि पहिले फ्लॅश करण्याआधी. त्याही आधी *#०६# दाबून आयएमईआय कागदावर उतरवा. मग तुमच्या कोडनेमसाठीची रिकव्हरी (दुरुस्तीची छोटी प्रणाली) फास्टबूटने फक्त तात्पुरती बूट करा, फ्लॅश करू नका. तिच्या शेलमधून ‘बाय-नेम’ फोल्डरमधले वरचे प्रत्येक विभाजन डीडी या प्रत करणाऱ्या आज्ञेने फाइलमध्ये उतरवा, फाइली संगणकावर ओढा, आकार शून्य नाही ना ते पाहा, दोन्हीकडे शा-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली हे दाखवणारा आकडा) जुळवा. सगळे मिळून थोड्याच मेगाबाइटचे प्रकरण आहे. दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जागा हा फोन नसावी. डीडीमध्ये ‘इफ’ (कुठून) आणि ‘ऑफ’ (कुठे) यांची अदलाबदल झाली तर प्रत घेण्याऐवजी विभाजनच खराब होईल, तेव्हा एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचा.

आता तुमच्याकडे वळू. आयएमईआय खरेच उडाला आहे का, हे दुकानदाराने तपासले का? लिनक्समध्ये मोडेमचे फर्मवेअर पॅकेज बसले नसेल तरीही नेटवर्क दिसत नाही. एमएमसीएलआय या आज्ञेने मोडेमची यादी मागा. यादीच रिकामी असेल तर दोष बहुधा फर्मवेअरचा किंवा सेवा सुरू न झाल्याचा. फोनवर आधी होती त्याच आवृत्तीची मूळ रॉम टाकून *#०६# दाबा. जुनी आवृत्ती टाकू नका: अँटी-रोलबॅक (मागच्या आवृत्तीवर जाण्यास बंदी) असलेला फोन खालच्या आवृत्तीवर कायमचा मरू शकतो. आकडा दिसला तर काही गेलेले नाही. शून्य किंवा रिकामे दिसले तर खरेदीची पावती घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जा, दुसरीकडे नाही.

प्र. इंटरनेट व्यवस्थित चालते, पण कॉल लागत नाही.

व्होल्टीई (४जीवरून आवाजी कॉल नेण्याची सोय) नाही. तुमच्या नेटवर्क कंपनीने २जी आणि ३जी बंद केले असेल तर फक्त ४जी उरते, आणि ४जीवर आवाज व्होल्टीईशिवाय जात नाही. ते चालणे उपकरण, पोर्ट आणि नेटवर्क कंपनी या तिन्हींवर अवलंबून असते. लिनक्ससाठीच बनवलेल्या पाइनफोनचा क्वेक्टेल ईजी२५-जी मोडेम व्होल्टीई स्वतःच्या आत सांभाळतो, तरी कंपनीला जुळणारे प्रोफाइल निवडावे लागते. मेनलाइन कर्नलवरच्या बऱ्याच फोनांत ते अजून नाही.

वायफाय बंद करून बाहेर कॉल करा, आत कॉल घ्या, मग फोन झोपेत गेल्यावर पुन्हा आत कॉल घ्या. दोन्ही बाजूंचा आवाज ऐका. कॉल जोडला जाऊन आवाज न येणे हा वेगळा बिघाड आहे. आपत्कालीन क्रमांक चाचणीसाठी लावू नका. या कसोट्या पार होईपर्यंत, आणि घरात आजारी माणूस असेल तर त्यानंतरही, दुसरा साधा फोन जवळ ठेवा. प्रोफाइलविषयी नेटवर्क कंपनीला लेखी विचारा.

प्र. वेड्रॉइडमध्ये बँकेचे ॲप चालेल का?

चालेल असे गृहीत धरू नका. वेड्रॉइड कंटेनरमध्ये अँड्रॉइड चालवते. जी ॲप प्ले इंटेग्रिटीची (फोन आणि प्रणाली अस्सल आहे का हे पाहणारी गूगलची) कडक तपासणी करतात ती तिथे अडतात. आज चालले तरी पुढच्या अपडेटला बंद पडू शकते. बँकेला विचारा की वेबसाइटवरून काय काय करता येते.

प्र. सुरक्षेसाठी शेवटी बूटलोडर पुन्हा लॉक करावा ना?

नाही! कंपनीची सही नसलेली प्रणाली आत असताना लॉक केला तर बहुतेक फोन बूट व्हायला नकार देतात, आणि मग अनलॉकही करता येत नाही. लॉक करायचाच तर आधी पूर्ण मूळ रॉम. डेटाची काळजी असेल तर इन्स्टॉल करतानाच पूर्ण डिस्क एन्क्रिप्शन निवडा. पोस्टमार्केटओएस बसवण्याच्या पीएमबूटस्ट्रॅप या साधनात तो पर्याय आहे.

प्र. बॅटरी अर्ध्या दिवसात संपते.

फोन झोपेतच जात नसेल. पॉवरच्या सेटिंगमध्ये आपोआप सस्पेंड चालू आहे का पाहा. चालू असेल तर लॉगमध्ये त्याला कोण उठवते ते शोधा.

प्र. जुन्या फोनचा घरगुती सर्व्हर करून तो चोवीस तास चार्जरला ठेवला आहे. मागचे झाकण थोडे वर आले आहे. सॉफ्टवेअरमधून काही करता येईल का?

आता नाही. झाकण वर आले म्हणजे बॅटरी फुगली. चार्जर काढा, फोन बंद करा, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा. झाकण दाबून बसवू नका, बॅटरीला टोचू नका, स्वतः उपटायचा प्रयत्न करू नका. फोन तंत्रज्ञाकडे न्या, आजच. नवी बॅटरी बसल्यावर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येते का ते उपकरणाच्या पानावर पाहा; सगळ्या कर्नलमध्ये ती सोय नसते. नसेल तर चार्जरला टायमर लावा.